१,७६,६३,१९,०४९ : भास्कराचार्यांचे एक उत्तर

आजचा धागा एका संख्येचा.

१,७६,६३,१९,०४९ चा वर्ग करा, त्यातून १ वजा करा आणि उरलेल्या संख्येला ६१ ने भागा. भागाकार पुन्हा पूर्ण वर्गच येतो, २२,६१,५३,९८० चा. १ हा क्षुल्लक अपवाद सोडला, तर हा गुणधर्म असलेली याहून लहान पूर्ण संख्या नाही.

मौज अशी की ६१ ऐवजी ६० घेतले तर उत्तर अवघे ३१ आणि ६२ घेतले तर ६३. मधल्या ६१ साठी मात्र दहा अंक! एकेक संख्या तपासत बसल्यास आयुष्य सरेल. तरीही भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त हे उत्तर आहे. हा ग्रंथ ज्याचा भाग मानला जातो तो ‘सिद्धान्तशिरोमणी’ त्यांनी ११५० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी रचला.

त्यांच्या रीतीचे नाव चक्रवाल. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ हून ३ ने अधिक. आपल्याला फरक हवा १. चक्राचा एक फेरा झाला की ३९ आणि ५ मिळतात: ३९ चा वर्ग १५२१, ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, फरक उणे ४. येथे ब्रह्मगुप्ताची ‘भावना’ (इ.स. ६२८) कामी येते. तिने २९,७१८ आणि ३,८०५ ही जोडी हाती लागते, फरक उणे १. आता २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट करून १ मिळवा. पहिल्या ओळीतली संख्या समोर येईल.

१६५७ मध्ये फ्रान्समधील पियेर द फर्मा याने हाच प्रश्न आव्हान म्हणून मांडला आणि उदाहरणासाठी ६१ च निवडला. रीत शोधली इंग्लंडच्या ब्राउंकरने. ऑयलरने श्रेय चुकून जॉन पेलला दिले आणि ‘पेलचे समीकरण’ हे नाव आजतागायत चिकटून आहे.

यावर आपल्याकडे लगेच ‘फर्माने चोरले’ असा सूर लागतो. मला तो मान्य नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, असे तेथील १२०७ चा शिलालेख सांगतो. पण ते ग्रंथ फर्मापर्यंत गेल्याचा पुरावा नाही. कोलब्रुकचे इंग्रजी भाषांतर १८१७ चे. दोघांनी ६१ निवडला यात गूढ नाही: शंभराच्या आत सर्वांत मोठे उत्तर त्याचेच.

शिवाय श्रेयाचा हिशेब मांडायचा तर भास्कराचार्यांपाशीही थांबता येत नाही. उदयदिवाकराच्या १०७३ च्या टीकेत जयदेव (‘गीतगोविंद’कार नव्हे) या गणितज्ञाचे श्लोक आहेत आणि त्यांत चक्रवाल आहेच. दुसरीकडे, पूर्ण वर्ग नसलेल्या प्रत्येक संख्येसाठी असे उत्तर असतेच, ही सिद्धता अठराव्या शतकातील लाग्रांजची.

फर्माचे दुसरे उदाहरण १०९ होते. त्याचे उत्तर १५ अंकी आहे. सुरुवात १० पासून करा: वर्ग १००, फरक उणे ९. पुढचे फेरे कागदावर.