लग्नाचा दाखला

दिवाळी सरली की कार्तिकात तुळशीचे लग्न लागते आणि मग घरोघरी मुहूर्त पाहिले जातात. दारी मांडव घातला जातो, अंतरपाट धरला जातो, मंगलाष्टके होतात, अक्षता पडतात. पंगती उठून गेल्यावर त्या वधूवरांना कोणी विचारीत नाही, की तुमचे लग्न झाले याला पुरावा काय? सारा गाव जेवून गेला, हाच पुरावा!

पण तीच मुलगी नवऱ्यामागे परदेशी जायला निघाली, की व्हिसाच्या कचेरीत तिला हा प्रश्न हमखास विचारला जातो. नोंदणीचा दाखला दाखवा, लग्नातले फोटो दाखवा, एकमेकांना लिहिलेली पत्रे दाखवा, दोघांचा संसार एक आहे याच्या खुणा दाखवा. आमच्या वडीलधाऱ्या मंडळींना यात मोठा अपमान वाटतो. अधिकाऱ्याचा संशय अगदीच निराधार असतो असेही नाही; परदेशात राहायला मिळावे म्हणून कागदापुरती लग्ने लावणारे लोक आहेतच. तरीसुद्धा, एखादे लग्न खरे की खोटे हे ठरवायचे कशावरून, आणि ठरवायचे कोणी, हा प्रश्न उरतोच. एकदा तर या प्रश्नापायी आपल्या बायका तुरुंगात गेल्या. त्याची ही हकीकत आहे.

दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथ येथे हसन इसप नावाचे एक हिंदी गृहस्थ राहत असत. त्यांचे लग्न हिंदुस्थानात मुसलमानी रीतीप्रमाणे झाले होते. पत्नी बाई मरियम हिला ते आफ्रिकेत घेऊन आले, तेव्हा तिला बंदरावर उतरू देण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला. प्रकरण केपच्या वरिष्ठ न्यायालयात गेले. १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की ज्या धर्मात पुरुषाला एकाहून अधिक बायका करण्याची मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने लागलेले लग्न या देशाच्या कायद्याला लग्न म्हणून मान्य नाही. सबब बाई मरियम ही कायद्याच्या दृष्टीने पत्नी नव्हे.

यातली मेख ध्यानात घ्या. नवऱ्याला बायका किती आहेत, हे कोणी मोजले नाही. किती असू शकतील, एवढेच पाहिले. ही विचारसरणी इंग्रजी कायद्यात जुनीच होती. विलायतेत १८६६ साली हाइड नावाच्या एका गृहस्थाने घटस्फोट मागितला होता. त्याचे लग्न अमेरिकेत मॉर्मन पंथाच्या रीतीने झाले होते. त्याला बायको एकच होती. पण त्या पंथात अनेक बायका चालतात, म्हणून ते लग्नच नव्हे असे न्यायालयाने ठरविले आणि त्याला घटस्फोटही नाकारला. हाच न्याय आता हजारो हिंदी कुटुंबांना लागू होणार होता.

त्या काळी हिंदू धर्मशास्त्रही पुरुषाला दुसरी बायको करण्याची मोकळीक देत होते. तेव्हा या निकालाने केवळ मुसलमानांचीच नव्हे, तर हिंदूंचीही लग्ने एका फटक्यात बेकायदा ठरतात, असा अर्थ गांधीजींनी काढला. वीस-वीस वर्षे संसार केलेल्या बायका रखेल ठरणार, त्यांच्या मुलांचा वारसाहक्क जाणार, आणि मायदेशी राहिलेल्या बायकांना नवऱ्याकडे जाण्याची वाट बंद होणार! त्याच वर्षी आलेल्या नव्या प्रवेश-कायद्यानेही ही गाठ समाधानकारक सुटली नाही.

तोवर सत्याग्रहात बायकांना तुरुंगात धाडावयाचे नाही, असा गांधीजींचा कटाक्ष होता. आता घाव बायकांच्याच कपाळीच्या कुंकवावर पडला होता. दरबानजवळच्या फिनिक्स आश्रमात त्यांनी घरातल्या इतर बायकांशी तुरुंगात जाण्याविषयी बोलणे केले; कस्तुरबांना मात्र मुद्दाम विचारले नाही. नवऱ्याने विचारले म्हणजे बायको भिडेखातर 'हो' म्हणते, हे ते जाणून होते. ते बोलणे कस्तुरबांच्या कानी पडले. माझ्यात असे काय उणे आहे की मला वगळता, असे त्यांनी विचारले आणि आपणही जाणार असे सांगितले. तेराव्या वर्षी पोरबंदरात बोहल्यावर चढलेली, तीस वर्षांचा संसार आणि चार मुलगे पाठीशी असलेली ही बाई. तिच्या पत्नीपणाला आता कायद्याचा आधार उरला नव्हता!

सप्टेंबर १९१३ मध्ये फिनिक्सहून सोळा जणांची तुकडी निघाली. नाताळमधून परवान्याविना ट्रान्सवालमध्ये शिरणे हा गुन्हा, आणि तोच त्यांना करावयाचा होता. ही गांधींच्या घरची माणसे आहेत असे कळले तर पोलीस कदाचित पकडणार नाहीत, म्हणून सीमेवर नावे सांगावयाची नाहीत असे ठरले होते. पत्नी म्हणून मान्यता मिळावी यासाठी निघालेल्या बायका आपण कोणाच्या पत्नी हे लपवीत होत्या! फोक्सरस्ट येथे सर्वांना अटक झाली आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. कस्तुरबा सुटून आल्या तेव्हा त्यांचा नुसता सांगाडा उरला होता.

दुसऱ्या बाजूने ट्रान्सवालमधील बायकांची तुकडी निघाली. त्यांत बहुतेक तामिळ होत्या. काहींच्या कडेवर तान्ही मुले होती. त्या न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींवर गेल्या आणि मजुरांना त्यांच्यावरील तीन पौंडांच्या वार्षिक कराचा अन्याय समजावून सांगू लागल्या. मजुरांनी खाणी सोडल्या. ६ नोव्हेंबर १९१३ रोजी गांधीजींबरोबर ट्रान्सवालच्या दिशेने जो मोर्चा निघाला, त्यात २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले होती. लग्नाचा आणि कराचा प्रश्न असा एका दावणीला बांधला गेला. इकडे मायदेशात आपल्या कोतळूकचे गोपाळराव गोखले प्रकृती ढासळलेली असतानाही या लढ्यासाठी निधी गोळा करीत होते.

तुरुंगात गेलेल्यांत वल्लिअम्मा नावाची सोळा वर्षांची मुलगी होती. ताप घेऊनच ती बाहेर आली. तुरुंगात गेल्याचा पश्चात्ताप होतो का, असे गांधीजींनी विचारले, तेव्हा पुन्हा जायलाही मी तयार आहे, असे तिने सांगितले. २२ फेब्रुवारी १९१४ रोजी ती वारली. हिच्या लग्नाचा तर प्रश्नच नव्हता. दुसऱ्यांच्या सौभाग्यासाठी ही पोर गेली.

अखेर सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि १९१४ साली हिंदी लोकांना दिलासा देणारा कायदा झाला. तीन पौंडांचा कर गेला. हिंदी धर्मांप्रमाणे लागलेले लग्न मान्य झाले. पण पुरुषाची एकच पत्नी कायद्याला मान्य राहील, अशी अट राहिली. म्हणजे दुसरेपणाच्या बायका दाराबाहेरच राहिल्या. बहुपत्नीत्वाचे आपल्या समाजातले दुखणे खोटे नव्हतेच. मुंबई प्रांतात हिंदूंना दुसरी बायको करण्याची बंदी व्हायला १९४६ साल उजाडावे लागले, आणि सबंध देशासाठी १९५५ चा हिंदू विवाह कायदा यावा लागला.

पुराव्याची मागणी मात्र तेवढ्याने थांबली नाही. १९७९ साली लंडनच्या विमानतळावर, लग्नासाठी आलेल्या दिल्लीच्या एका शिक्षिकेची कौमार्य-तपासणी करण्यात आली, तेव्हा दोन्ही देशांत संतापाची लाट उसळली. पुढे ब्रिटनमध्ये, आपल्या लग्नाचा मुख्य हेतू देशात शिरणे हा नाही, हे जोडप्याने सिद्ध करावे असा नियम होता. तो १९९७ साली रद्द झाला. कायदा बदलतो, पण संशय नवा वेष घेऊन दारात उभा राहतो.

म्हणून वाचकहो, यंदा घरात कार्य असेल तर मंगलाष्टकांइतकीच नोंदणीचीही आठवण ठेवा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच सर्व लग्नांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले आहेत. त्या कागदात कमीपणा मानू नका. अनोळखी मुलखात गावजेवणाची साक्ष चालत नाही. तिथे मुलीच्या बाजूने बोलणारा तो एक कागदच असतो. आणि कागद मागणाऱ्यानेही एवढे जाणावे, की संसार आधी असतो, दाखला मागाहून येतो.

कस्तुरबांचा देह पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये, सरकारच्या कैदेतच पडला. तो दिवस २२ फेब्रुवारी १९४४. वल्लिअम्मा गेल्याला त्या दिवशी बरोबर तीस वर्षे झाली होती. पुण्यास गेलात तर त्यांच्या समाधीपाशी घटकाभर थांबा, आणि बरोबरच्या लेकीसुनांना ही हकीकत सांगा.