३९ मिनिटं मागे

८ जून १९४८. एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. देशाचं घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. खाली शहरात पालिकेची घड्याळं मात्र त्याच्या ३९ मिनिटं मागे!

हा ‘बॉम्बे टाइम’. १९०६ मध्ये सरकारने प्रमाणवेळ आणली. कामावर ३९ मिनिटं आधी यायचं म्हटल्यावर गिरणी कामगार भडकले. महापालिकेनेही जुनी वेळच धरून ठेवली. राग रास्तच होता.

विमानाला असा हट्ट परवडत नाही. वैमानिक जगभर एकच वेळ पाळतात, पूर्वी ग्रीनिचची, आता ‘यूटीसी’. स्थानिक वेळ तुमच्या तिकिटावर. मुंबईहून पहाटे अडीचला सुटणारं विमान कॉकपिटच्या हिशेबात आदल्या रात्री नऊलाच सुटलेलं असतं.