सांगावा घेऊन जाणारी माणसे

कामगारांच्या वर्गण्या गोळा करणाऱ्या माणसाला ख्रिस्ती धर्मप्रसाराशी काय कर्तव्य, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. आम्ही ख्रिस्ती नाही, आणि आमचे शाळेतले शिक्षण सातवीपुढे गेले नाही. परंतु कामगार संघटनांचा इतिहास धुंडाळीत मागे मागे जाता आम्ही एका उपदेशकाच्या दारी पोहोचलो. त्याची ही हकीकत.

येशूने आपल्या शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे पाठविले, असे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी आहे. ही आज्ञा पाळण्याच्या दोन तऱ्हा इतिहासात दिसतात. एक तऱ्हा आपल्या शेजारीच घडली. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन बसले आणि मधला थोडा काळ सोडता १८१२ पर्यंत टिकले. ख्रिस्ती झालेल्यांच्या घरात जुन्या चालीरीती उरल्या आहेत काय, याचा तपास तेथे न्यायासनासमोर होई. तेथे सांगणे संपले होते. धाक उरला होता.

दुसरी तऱ्हा इंग्लंडातली. ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूड येथे कोळशाच्या खाणी होत्या. खाणकामगार रानटी समजले जात आणि चर्च त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. १७३९ च्या फेब्रुवारीत जॉर्ज व्हाइटफील्ड याने तेथे उघड्या माळावर उपदेश केला. त्याने जॉन वेस्ली यास बोलावून घेतले. वेस्ली ऑक्सफर्डचा विद्वान, शिस्तीचा धर्मगुरू. चर्चच्या भिंतीबाहेर उपदेश करणे त्याला जवळजवळ पाप वाटे. तरी २ एप्रिल १७३९ रोजी तो मोकळ्या आकाशाखाली उभा राहिला, आणि पुढची पन्नास वर्षे गावोगाव हिंडत राहिला.

१७४२ साली ब्रिस्टलच्या सभागृहावरचे कर्ज फेडण्यासाठी प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी, असे ठरले. दहा-बारा जणांमागे एकाने ती घरोघर जाऊन गोळा करावयाची. घरी जाऊ लागताच त्याला घरची दुखणी कळू लागली. त्यातूनच मेथॉडिस्टांचे ‘वर्ग’ निर्माण झाले. हे वाचले तेव्हा आम्हांला आमचे पावतीपुस्तक आठवले. वर्गणी हे निमित्त असते. उंबऱ्यापर्यंत जाणे हे खरे काम असते.

या वर्गांत अंगमेहनतीची माणसे वाचावयास आणि चारचौघांत उभे राहून बोलावयास शिकली. डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल गावचा शेतमजूर जॉर्ज लव्हलेस हा असाच एक मेथॉडिस्ट उपदेशक. तेथे आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ, मग सात झाली, आणि सहावर आणण्याची भाषा सुरू झाली. १८३३ साली लव्हलेस व त्याच्या सोबत्यांनी शेतमजुरांची संस्था काढली. संघटना करणे त्या वेळी गुन्हा राहिले नव्हते. म्हणून बेकायदा शपथ घेतल्याचा आरोप ठेवून १८३४ च्या मार्चमध्ये सहा जणांना सात वर्षांचे काळे पाणी ठोठावण्यात आले. त्यांना ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींत धाडले. एप्रिलमध्ये लंडनमध्ये प्रचंड मिरवणूक निघाली, लाखोंच्या सह्या झाल्या, आणि १८३६ साली सरकारला माफी द्यावी लागली.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. वेस्ली स्वतः कट्टर राजनिष्ठ होता. त्याच्या मागून आलेल्या पुढाऱ्यांनाही मजुरांची चळवळ रुचली नाही. मग हे घडले कसे? आमच्या अल्प मतीप्रमाणे कारण साधे आहे. देवाच्या दृष्टीने तुझे मोल आहे, असे ज्याला एकदा सांगितले, त्याला नंतर तुझे मोल सहा शिलिंग असे सांगून भागत नाही. सांगणाऱ्याच्या हातून सुटलेला शब्द ऐकणाऱ्याच्या मालकीचा होतो.

आम्ही कारखान्याच्या दारात पहिली द्वारसभा घेतली तेव्हा आठ माणसे थांबली होती. आम्ही तावातावाने बोललो. सभा संपल्यावर एक म्हातारा कामगार म्हणाला, “साहेब, बोललात झकास, पण आमचं काही विचारलं नाहीत.” तो टोमणा आम्ही आजतागायत विसरलो नाही.

आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगावी की नाही, हा वाद आपल्या देशात वरचेवर पेटतो. त्यात आम्ही एवढेच म्हणू: ज्याच्या मागे शिपाई उभा आहे किंवा ज्याच्या हातात आमिष आहे, त्याचे सांगणे खोटे. जो ऐकणाऱ्याच्या माळावर जाऊन उभा राहतो आणि ‘नाही’ हे उत्तर घेऊन परत येण्यासही तयार असतो, त्याला सांगू द्यावे. मग तो सांगावा देवाचा असो की भाकरीचा.