शिकाऱ्यांच्या हातची विद्या

मांजाने पंख कापलेली घार वाचवणं हे आज भूतदयेचं काम मानलं जातं, आणि ते आहेच. पण शिकारी पक्ष्यांवरच्या उपचारांचा इतिहास चाळला, तर ही विद्या प्राणिमित्रांपेक्षा बाज-ससाणे पाळून शिकार करणाऱ्यांकडूनच अधिक आलेली दिसते. आपल्याकडे पांजरपोळांची परंपरा जुनी. पण मांसाहारी पक्षी तिथे अडचणीचाच. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या जैन मंदिराच्या आवारात पक्ष्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे. तिथे कबुतरं-पोपट दाखल करून घेतात. घारीला मात्र मलमपट्टी करून परत पाठवण्याचा रिवाज, कारण ठेवून घ्यायचं तर मांस खाऊ घालावं लागणार. यात ढोंग नाही, अहिंसेचा तो सरळ हिशेब आहे. पण मोडलेलं हाड जुळायला काही आठवडे लागतात, ते मलमपट्टीने भागत नाही.

बाजदाराला हा पेच कधी पडलाच नाही. कुमाऊंचा राजा रुद्रदेव याच्या ‘श्यैनिकशास्त्र’ या संस्कृत ग्रंथात (हरप्रसाद शास्त्री यांनी तो १९१० साली कलकत्त्याहून प्रसिद्ध केला) शिकारीबरोबर पक्ष्याचा आहार आणि दुखणीही येतात. युरोपात तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने ससाण्यांवर ग्रंथ लिहिला. मोडकं पीस जोडण्याची युक्ती त्यात आहे. ही युक्ती आजही वापरात आहे. पीस अर्ध्यावर तुटलं की ते आपोआप गळेपर्यंत त्या जागी नवं येत नाही, आणि त्याला कित्येक महिने लागतात. मग तुटक्या पिसाची दांडी नीट छाटायची, त्याच जातीच्या पक्ष्याचं, त्याच बाजूचं आणि त्याच क्रमांकाचं गळलेलं पीस घ्यायचं, दोन्ही पोकळ दांड्यांत बांबूची तासलेली काडी घालून चिकटवायचं. पक्षी महिनोन्‌महिने पिंजऱ्यात कुजण्याऐवजी लवकर उडतो. यासाठी गळलेली पिसं जपून ठेवावी लागतात, ही सवयही बाजदारांचीच.

कुणी म्हणेल, बाजदार जपत होता ती स्वतःची मालमत्ता. क्ष-किरण, भूल, प्रतिजैविकं तर पशुवैद्यकाने दिली. खरं आहे. पण भूल उतरल्यावर काय, हे पशुवैद्यकाच्या पुस्तकात फारसं नव्हतं; ते बाजदारांना ठाऊक होतं. डीडीटीमुळे बहिरी ससाणे संपत चालले तेव्हा त्यांना वाचवण्यासाठी १९७० साली अमेरिकेत ‘पेरेग्रिन फंड’ उभारणारे टॉम केड स्वतः बाजदार होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दिल्लीत नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या भावांनी हजारो घारी वाचवल्या त्या बाजदारीच्या आधाराने नव्हे, स्नायूंची त्यांची पहिली ओळख व्यायामशाळेतली. मग जुनी विद्या हवी कशाला?

उत्तर घारीच्या स्वभावात आहे. ती उकिरड्यावर, मच्छीबाजारात पोट भरते. उड्डाणात थोडं अधू राहिलं तरी निभावतं. आपल्या शहरांतल्या रुग्णालयांत घारीच जास्त येतात, म्हणून या विद्येची उणीव झाकली जाते. बहिरी ससाण्याची गोष्ट वेगळी. उडत्या भक्ष्यावर वरून झेपावणाऱ्या या पक्ष्याचा खांदा किंचित आखडला तरी उपासमार ठरलेली. त्याला लांब दोरीवर रोज उडवून, वजन तोलून, दम वाढवून मगच सोडायचं, हे हातांनीच शिकायचं काम आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आणले, ते योग्यच झालं. पण बाज हाताळणाऱ्या घराण्यांचं कसब कुठल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नोंदवून घ्यावं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.