खांब, साखळी आणि डॉयली

'डॉयली' हे मूळचं एक आडनाव. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या स्ट्रँड भागात या नावाचा कापडव्यापारी होता. त्याच्याकडचं हलकं, स्वस्त लोकरी कापड त्याच्याच नावाने विकलं जाई. पुढे जेवणानंतर फळं-मिठाईबरोबर द्यायच्या छोट्या रुमालाला 'डॉयली नॅपकिन' म्हणू लागले आणि कालांतराने त्यातला 'नॅपकिन' गळून पडला. आपल्याकडे तो क्रोशाचा रुमालच राहिला.

फ्रेंचमध्ये 'क्रोशे' म्हणजे लहानसा आकडा. मराठीने त्याचा 'क्रोशा' केला आणि क्रोशाचं तोरण, क्रोशाचा रुमाल असे सगळे प्रत्यय त्याला लावून टाकले. आकड्याला मात्र आपण सुई म्हणतो. तिला नेढं नसतं, तरी सुईच.

क्रोशाच्या टाक्यांच्या नावांत मला सर्वांत आवडतो तो 'खांब'. सुईला दोऱ्याचा एक वेढा द्यायचा, ती खालच्या घरात घालून दोरा ओढून आणायचा. सुईवर तीन फास येतात, ते दोन-दोन करून सोडवायचे. टाका ताठ उभा राहतो. 'खांब' हा शब्द वैदिक 'स्कंभ'वरून आलेला. अथर्ववेदात विश्वाला तोलून धरणाऱ्या स्कंभावर अख्खं सूक्त आहे. 'साखळी' आली 'शृंखला'वरून. वेढा न देता घातलेला बुटका टाका तो मुका खांब.

पहिला रुमाल निवडताना हे शब्द फार उपयोगी पडतात, कारण इंग्रजी नमुन्यांत मोठा घोळ आहे. आपला खांब अमेरिकेत 'डबल', तर ब्रिटनमध्ये 'ट्रेबल'. ब्रिटिश 'डबल' म्हणजे आपला मुका खांब, आणि त्यालाच अमेरिकन 'सिंगल' म्हणतात. नमुना कुठला हे न पाहता सुरुवात केली, तर बिचारी नवशिकी स्वतःच्याच हाताला दोष देत बसते. आजच्या नमुन्यात 'सिंगल क्रोशे' दिसलं, तर तो बहुधा अमेरिकन समजावा. मग प्रत्येक टाक्यापुढे पेन्सिलीने मराठी नाव लिहून घ्यावं.

ज्यात साखळी आणि खांब यांवरच भागतं, असा गोल नमुना आधी घ्यावा. अननसाची नक्षी मोहात पाडते, पण ती नंतर. दोरा जरा जाड घ्यावा. दोऱ्याचा नंबर वाढतो तसा तो बारीक होतो, म्हणून दहा नंबर चाळीसपेक्षा सोपा. नुसत्या खांबांचा गोल सपाट राहायला साधारण १२, २४, ३६ अशी प्रत्येक फेरीत बाराची वाढ लागते. कमी पडली तर कडा वर उचलून वाटी होते, जास्त झाली तर झालर पडते. म्हणून नमुन्यात प्रत्येक फेरीअखेरची खांबांची संख्या छापलेली आहे का, ते आधी बघावं. नसेल तर पहिल्या खेपेला दुसरा नमुना शोधावा, चित्र कितीही देखणं असलं तरी.