बेकनची कोंबडी आणि घरातला बर्फाचा कप्पा

मंडळी, फ्रान्सिस बेकन तत्त्वज्ञानाच्या वर्गात येतो तो 1620 सालच्या 'नोव्हम ऑर्गनम'मुळे. आज आपण त्याच्याकडे स्वयंपाकघराच्या दारातून जाऊ. चरित्रकार जॉन ऑब्रीने लिहून ठेवलेली गोष्ट अशी. लंडनजवळ हायगेटला बेकन घोडागाडीतून उतरला, एका बाईकडून कोंबडी विकत घेतली, साफ करवली आणि तिच्या पोटात बर्फ भरला. मिठाने मांस टिकतं, तसं बर्फानेही टिकतं का, हे त्याला पाहायचं होतं. त्यात थंडी बाधली आणि 9 एप्रिल 1626 रोजी तो गेला. गोष्ट ऐकीव आहे, ऑब्रीचा जन्मच मुळी त्या वर्षीचा! बेकनच्या शेवटच्या पत्रात कोंबडी कुठेच नाही. मात्र पदार्थ टिकवण्याच्या प्रयोगाचा उल्लेख आहे, आणि तो उत्तम साधला असंही त्यात आहे. अंथरुणावरून माणूस आधी प्रयोगाचा निकाल कळवतो, हे आम्हाला कोंबडीपेक्षा मोलाचं वाटतं.

पुढची तीनेकशे वर्षं बर्फ खूप फिरला. 1833 मध्ये तर फ्रेडरिक ट्यूडरने बॉस्टनहून जहाज भरून थेट कलकत्त्याला पाठवला. पण तो गारव्यासाठी. अन्न नीट गोठवायचं कसं, हे क्लॅरेन्स बर्डसायला लॅब्राडोरमध्ये दिसलं, 1912 नंतरच्या काही वर्षांत. तिथले इन्युइट लोक कडाक्याच्या वाऱ्यात मासा बाहेर काढत, तो बघता बघता दगडासारखा होई, आणि महिन्यांनी शिजवला तरी ताजा लागे. हे कशामुळे? हळू गोठताना पाण्याचे मोठे स्फटिक होतात, पेशी फाडतात, मग मासा वितळला की पाणी सुटून लगदा होतो. झटपट गोठताना स्फटिक बारीक राहतात. 1930 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत त्याची गोठवलेली पाकिटं विकायला आली. म्हणून आपणही डब्यात गरम आमटीचा डोंगर न करता, गार करून, चपट्या पिशव्यांतून ठेवावी.

आता खरा मुद्दा. थंडीने जंतू मरतात, असं पुष्कळांना वाटतं. बहुतेक मरत नाहीत, थांबतात. आपल्याकडे निष्क्रिय आणि नष्ट हे दोन शब्द आहेत, ते सांभाळून वापरावेत. खराब होत आलेलं मटण कप्प्यात टाकलं तर ते त्याच अवस्थेत बाहेर येतं. आणि मग ते ओट्यावर चार-पाच तास ठेवलं, की आतला गोळा अजून बर्फ असताना बाहेरचा थर जंतूंना सोयीचा होतो. वितळवायचं ते फ्रिजच्या खालच्या भागात, रात्रभर. घाई असेल तर गोठलेलंच शिजवा, वेळ जास्त लागेल एवढंच.

जंतू थांबले तरी भाजीतली विकरं मंदपणे चालूच असतात. म्हणून हिवाळ्यात मटार सोलून ठेवणाऱ्या घरांत तो उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं घालून लगेच थंड पाण्यात काढतात. ही पायरी गाळली की मार्चपर्यंत रंग आणि चव दोन्ही उतरतात. विषबाधा होत नाही हो, पण उसळ बेचव होते. सुरक्षितपणा वेगळा, चव वेगळी.

उणे 18 अंश हा आकडा सगळीकडे ऐकू येतो. 18च का? त्यात गूढ काही नाही, तो फॅरनहाइटचा शून्य आहे. 1950च्या सुमारास कॅलिफोर्नियात ऑल्बनीच्या सरकारी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पाहिलं गेलं, की त्याहून थोडी ऊब झाली तरी, पदार्थ गोठलेलाच असूनही, दर्जा भराभर घसरतो. जुन्या एकदारी फ्रिजमधला बर्फाचा कप्पा उणे 18 पर्यंत पोचेलच असं नाही. तिथे बर्फ होतो म्हणून सहा महिन्यांची मासळी ठेवू नये.

आणि वीज गेली तर? भारनियमन पाहिलेल्यांना हा प्रश्न सांगायला नको. भरलेला मोठा फ्रीझर दार न उघडता साधारण 48 तास गोठलेला राहतो, अर्धा भरलेला 24. वीज आल्यावर डबा उघडून पाहा. आत अजून बर्फाचे कण हाताला लागत असतील तर पुन्हा गोठवायला हरकत नाही. सगळं वितळून कोमट झालेलं मांस मात्र, वास चांगला येत असला तरी, टाकून द्यावं.