दगडातली पोकळी

शाळेपासून माझा एक पक्का समज होता, की जमिनीखाली तेलाची आणि गॅसची तळी असतात. वरून भोक पाडलं की झालं काम! इंजिनिअरिंगची डिग्री घेऊनही हा समज काही गेला नाही. गेला तो ग्रोनिंगेनबद्दल वाचताना. (आपल्या मुंबई हायचं तेल मुख्यतः चुनखडीच्या दगडात आहे, म्हणून आजची गोष्ट नेदरलँड्सची.)

१९५९ साली तिथे स्लोख्टेरेन गावाजवळ गॅस लागला. साठा सुमारे २,८०० अब्ज घनमीटर! पण तळंबिळं काही नाही. तीन किलोमीटर खाली वालुकाश्म, आणि गॅस त्याच्या कणांमधल्या बारीक फटींत.

आता घरी एक प्रयोग करून बघा. बरणीत नुसते हरभरे भरा आणि वर पाणी ओता, बरंच मावतं. त्याच हरभऱ्यांत मोहरी मिसळा, लगेच जागा कमी होते. म्हणजे कण एकसारखे हवेत. सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वी हा भाग वाळवंट होता. वाऱ्याने आणि अधूनमधून वाहणाऱ्या नद्यांनी वाळू आणून टाकली. वारा तर चाळणीच मारतो, त्यामुळे टेकड्यांची वाळू छान निवडलेली. उत्तरेला खारट सरोवराचा चिखल होता, तिकडे दगडाचा दर्जा घसरत जातो.

पण नुसती पोकळी असून भागत नाही, फटी एकमेकींना जोडलेल्या हव्यात. वाळू खोल गाडली गेली की ती दाबली जाते, कणांमध्ये खनिजं साचतात. याच थरात काही ठिकाणी इलाइट नावाच्या चिकणमातीचे केसासारखे तंतू वाढलेत. पोकळी असते, पण वाट तुंबलेली! ग्रोनिंगेनचं नशीब चांगलं. खाली गॅस देणारा कोळसा, वर मिठाचं घट्ट झाकण आणि मध्ये हा सच्छिद्र दगड.

गंमत इथे संपते. वरच्या थरांचं काही ओझं दगड पेलतो, तर काही भार फटींतला गॅसचा दाब उचलून धरतो. १९६३ पासून गॅस उपसत गेले, तसा दाब उतरला आणि दगड चेपला. जितका सच्छिद्र, तितका जास्त! वरची जमीन खचली, जुन्या भेगा सरकल्या. १६ ऑगस्ट २०१२ ला हाउझिंगं गावी ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला, घरांच्या भिंती तडकल्या. जानेवारी २०१३ मध्ये खाणींवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने उत्पादन लवकर कमी करा असं सांगितलं. आणि त्याच वर्षी उत्पादन उलट वाढून सुमारे ५४ अब्ज घनमीटर झालं!

शेवटी १ ऑक्टोबर २०२३ ला उपसा थांबला, २०२४ मध्ये कायद्याने कायमचा बंद झाला. साठ्यात गॅस अजून बराच शिल्लक आहे. हिशेबात दगडाची किंमत होती, त्यावर उभ्या घरांची उशिरा धरली गेली, इतकंच.